नैसर्गिक फिनाईल आणि डोमाभाऊंचं नाक

आमच्या घरी मोहाची दारू गाळतात अशी बातमी मुर्रीत पसरली, तेव्हा गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष मीच होते.

आधी समितीचं सांगते. मुर्री गोंदियाला इतकी चिकटून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे फक्त रस्त्यातल्या म्हशींवरून कळतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पंधरा बायकांनी कंबर कसली आणि गावात चोरून चालणाऱ्या भट्ट्या एकेक करून बंद पाडल्या. त्या वेळी ग्रामसभेत मी बोलले होते, "ज्या घरातून वास येईल त्या घरात आम्ही घुसू. मग ते घर कोणाचंही असो." भरपूर टाळ्या पडल्या. (टाळ्या पडल्या की माणसाने खाली बसावं. मी तेच वाक्य आणखी दोनदा म्हणाले.)

घरात आम्ही तिघं. मी, माझे हे आणि सासूबाई. हे सकाळी धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, असतात आणि दुपारून स्वतःच्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, पण घरातल्या कोणत्याही कामात मी त्यांच्या मागेच असते, आणि ही गोष्ट त्या मला रोज सांगतात.

तर त्या उन्हाळ्यात गोंदियात बचतगटाच्या बायकांसाठी एक प्रशिक्षण झालं. विषय होता, घरच्या घरी सफाईची द्रावणं. बाजारातल्या अॅसिडने माझी बोटं आधीच सोलून निघाली होती, त्यामुळे शिकवणाऱ्या मॅडम बोलत गेल्या आणि मी वही भरत गेले. राख, रिठा, लिंबू, खायचा सोडा, फळांच्या साली. सगळं स्वस्त, सगळं घरातलं, सगळं नैसर्गिक. परतीच्या ऑटोत मी ठरवून टाकलं की आजपासून आपल्या घरात विकतचा एक थेंब नाही.

पहिला प्रयोग पितळेच्या भांड्यांवर. राखेत लिंबू पिळून घासली, भांडी लख्ख निघाली. मी ती उन्हात मांडून सासूबाईंना बोलावलं.

"हे शिकाले तू गोंदियाले गेली होतीस?" त्या म्हणाल्या.

"आई, याला नैसर्गिक म्हणतात."

"आमी याले राख म्हणत होतो."

दुसरा प्रयोग यांच्या पांढऱ्या शर्टावर. रिठे उकळून त्या पाण्यात कपडे धुवायचे, असं वहीत होतं. कोणत्या भांड्यात उकळायचे ते नव्हतं. मी लोखंडी कढईत उकळले. शर्ट बाहेर आला तो कमी दुधाच्या चहाच्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी जवळच्या बिरसी गावी लग्न होतं आणि यांच्याजवळ बरा असा तोच एक शर्ट. तिथे मांडवात कोणीतरी विचारलं, "नवीन शर्ट घेतला का जी? कलर मस्त हाय." हे शांतपणे म्हणाले, "होय. नैसर्गिक हाय." घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, पण रागावलेही नाहीत. आमच्या यांचा राग असाच असतो, तो शोधावा लागतो.

आता शहाणी बाई इथे थांबली असती. मी मोठ्या प्रयोगाकडे वळले.

मोठा प्रयोग म्हणजे सालींचं फिनाईल. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी. तीन महिने मुरू द्यायचं आणि सुरुवातीचा महिनाभर रोज झाकण उघडून आतली हवा सोडायची. मॅडमनी एका प्लास्टिकच्या बाटलीत करून दाखवलं होतं. पण बाटलीभर काही करण्यात माझा जीव रमत नाही. मी धानाची बिजाई, म्हणजे बियाणं, ठेवायचा शंभर लिटरचा निळा ड्रम रिकामा केला. त्याच्या झाकणाला वरून लोखंडी कडी होती, ती आवळली की झाकण हत्तीला उघडायचं नाही.

साली आणायचं काम यांच्याकडे. गोंदियातल्या एका रसवाल्याकडून हे मोटारसायकलवर पोतंभर साली घेऊन आले. रसवाल्याने विचारलं होतं म्हणे, "घर में गाय है क्या?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, नहीं भैया, बीवी है."

गूळ आणायला मी स्वतः गेले. स्वस्तातला पाहिजे होता, म्हणून दुकानदाराला काळा गूळ मागितला. पाच किलो. त्याने तराजू खाली ठेवला.

"भाभीजी, ये खाने का नहीं है."

"मुझे भी खाने के लिए नहीं चाहिए."

"हाँ, वो तो मैं समझ गया," तो हळूच म्हणाला, आणि गुळाची ढेप दोन-दोन पेपरांत गुंडाळून, वरून पिशवीत घालून, इकडेतिकडे बघत माझ्या हातात दिली. मला वाटलं, किती व्यवस्थित माणूस आहे.

ड्रम मी मागच्या अंगणात ठेवला, टिनाच्या छपराखाली, भिंतीला लागून. त्या भिंतीच्या पलीकडे डोमाभाऊंचं घर. आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डोमाभाऊ गवंडी. हात सोन्याचा, पण संध्याकाळी तो हात ग्लास सोडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ते आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला गेले आणि शपथ घेऊन आले. महादेवासमोर घेतली आणि दर्ग्यावरही घेतली. म्हणाले, एक विसरला तर दुसऱ्याच्या ध्यानात राहील. तेव्हापासून त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. त्यांची बायको शेवंता आमच्या समितीत. नवरा सुधारल्यापासून ती अशी ताठ चालायची की मागून बघितलं तरी ओळखू यायची.

ड्रम भरून पंधरा दिवस झाले असतील. एके सकाळी शेवंता आमच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"काय झालं वो?"

"थो पुन्हा पेऊन राहिला, बाई."

"तू पाहिलंस?"

"पाहाची काय गरज हाय? तीन दिवस झाले, आंगणात मोहाचा वास येऊन राहिला. सकाळी येते, दुपारी तर जास्तच येते. त्याले विचारलो तर म्हणते, मी नाही. मंग कोण? बकरी पेऊन राहिली का?"

इथे एक गोष्ट कबूल करते. जवळच्या राईस मिलच्या भुशाने माझं नाक वर्षातले आठ महिने बंद असतं. मला काही म्हणजे काही वास येत नव्हता. दारूबंदी समितीच्या अध्यक्षबाईंना वासच येत नाही, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण कोणी विचारलं नव्हतं.

"मी बोलते डोमाभाऊंशी," मी म्हटलं.

"बोला. नाही तर मी भावाकडे जातो, बिरसीले. आता मले पुन्हा थे दिवस नाही पाह्यजे." ते दिवस मी भिंतीच्या अलीकडून ऐकले होते.

डोमाभाऊंना मी आमच्याच छपरीत बोलावलं. ते खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर ठेवून बसले आणि मी अर्धा तास बोलले. बायकोचा विचार करा म्हटलं, शपथेचा विचार करा म्हटलं. मागच्या अंगणातून वाऱ्याची झुळूक येत होती आणि डोमाभाऊ सारखे तिकडे मान वळवून बघत होते.

"माझ्याकडे बघा, डोमाभाऊ."

"पाहतो जी. पण वहिनी, मी पेलो नाही."

"मग वास कुठून येतो?"

"थेच तर मी विचारून राहिलो. दोन साल झाले, मी त्या वासाच्या रस्त्यानंही जात नाही. आता घरात बसलो तरी नाकात घुसून राहिला. जीव कसातरी होते. आन राग नोका करू, पण अथी तर लयच येऊन राहिला."

मी हसले. दयाळूपणे हसले. म्हणाले, "डोमाभाऊ, ज्याच्या मनात दारू असते, त्याला सगळीकडेच वास येतो."

बिचारे उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मान खाली घालून गेले. आणि मी? मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या भाषणासाठी मी ते वहीत लिहून ठेवलं. रिठ्याच्या पानावरच.

पुढचे तीन दिवस मी दुसऱ्याच्या घरातली दारू काढण्यात इतकी गुंतले की माझ्या ड्रमचं झाकण उघडायचं राहून गेलं. उलट पहिल्याच दिवशी त्यावर चिलटं घोंगावताना दिसली, तेव्हा मी लोखंडी कडी आणखी दोन आटे आवळली होती. उन्हाळा असा की टिनाखाली पापड भाजावेत.

यांना वास येत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. एकदा जेवताना म्हणालेही, "मागं काही तरी सडून राहिलं वाटते."

"नैसर्गिक आहे," मी म्हटलं.

शर्टानंतर यांनी त्या शब्दाला उलटून विचारणं सोडून दिलं होतं.

वास काही गेला नाही. डोमाभाऊ कबूल होईनात, शेवंता त्यांच्याशी बोलेना. ताट सरकवून द्यायची आणि पाठ करून बसायची. शेवटी रविवारी सकाळी दहा वाजता ती स्वतःच समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घराची झडती घ्या."

आम्ही पंधरा जणी गेलो. मी सगळ्यात पुढे, कमरेला पदर खोचून. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी. डोमाभाऊ अंगणातल्या खाटेवर बसले होते. त्यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं, म्हणजे जा, पाहा.

आम्ही तांदळाच्या कोठीत हात घातले, तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग उपसला, गोठा पाहिला, चुलीमागे पाहिलं. एक गंजलेली थापी निघाली. विड्यांचा एक बंडल निघाला. आणि फळीवर गोधडीच्या मागे शेवेचा भरलेला डबा निघाला. डोमाभाऊ खाटेवरून उठून आले.

"हा कवापासून हाय अथी?"

"पाहुण्यांसाठी ठेवलो," शेवंता त्यांच्याकडे पाठ करून आम्हाला म्हणाली. झडतीत सापडलेला लपवलेला माल एवढाच, आणि तो समितीच्या सदस्याचा.

"पण वास तर येऊन राहिला," एक जण म्हणाली. सगळ्यांनी नाकं वर केली. मीही केलं, दिखाव्यापुरतं. सगळ्यांची नाकं हळूहळू वळत वळत भिंतीकडे गेली. माझं नाक मात्र गोठ्याकडे होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे आवाज झाला. आवाज म्हणजे असा की गल्लीतल्या एका म्हातारीने "पंपाची मोटार उडाली" म्हणून ओरडून सांगितलं. निळं झाकण टिनावर आपटलं, तिथून कोंबड्यांच्या डालीवर पडलं, आणि त्याच्या मागोमाग पिवळा-काळा फवारा भिंतीवरून समितीवर आला. मोसंबीची एक सबंध साल माझ्या डोक्यावर पडली आणि तिथेच बसली.

डालीतल्या कोंबड्या ओरडत सुटल्या.

मग शेवंताने स्वतःच्या बाहीचा वास घेतला. "अध्यक्षबाई," ती म्हणाली, "वास तर तुमच्या घरून येऊन राहिला."

"ते फिनाईल आहे," मी म्हटलं.

शेवंताने ती बाही माझ्या नाकाजवळ धरली.

"नैसर्गिक आहे."

मागून कोणीतरी हळूच पुटपुटलं, "मग ते घर कोणाचंही असो." आणि पंधरा जणींची समिती, अध्यक्षांसकट, अध्यक्षांच्याच घरात घुसली.

मागच्या अंगणात सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. म्हणजे आधी निवडत असाव्यात. आता सूप उलटं पडलं होतं आणि त्या डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या होत्या. माझा जीव उडाला. धावत जाऊन मी त्यांना चाचपलं, कुठे लागलं का पाहिलं. त्यांनी तोंडावरचं पाणी पदराने पुसलं आणि अगदी थंडपणे म्हणाल्या, "सुनीता, तुझं फिनाईल पिकलं वाटते."

ड्रममध्ये अर्ध्याहून जास्त द्रावण अजून खदखदत होतं. हे काय आहे यावर बायकांची जुंपली. शेवटी शेवंताच म्हणाली, "ज्याले समजते त्याले बोलवा." आणि डोमाभाऊंना बोलावलं.

डोमाभाऊ आले, पण ड्रमजवळ गेले नाहीत. पाच हातांवर थांबले, दुपट्टा तोंडाला लावला, मग एक क्षणभर नाक उघडं करून एकच श्वास घेतला.

"मोहफूल हाय," ते म्हणाले. "आठेक दिवसांचं. ऊन लागलं म्हणून लवकर चढलं. आन मोसंबी दिसून राहिली. आमच्या वेळी मोसंबी नव्हती टाकत."

आता मात्र मी चिडले. साली माझ्या, गूळ माझा, पण मोहफूल? अध्यक्षांच्या ड्रममध्ये मोहफूल? मी आत धावले, वही आणली, पान काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. गूळ, साली, पाणी. चौथं काही असेल तर दाखवा म्हटलं.

"मोहफूल मी टाकलो ना," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं एक झाड आहे. दर उन्हाळ्यात सासूबाई पहाटे जाऊन फुलं वेचतात, वाळवतात, तिळासोबत भाजून खाऊ घालतात. यंदा फुलं फार झाली होती.

"गूळ टाकून तू गोडच करत होतीस ना?" त्यांनी मला विचारलं. "मग मोहफूल का कडू हाय? दोन पायल्या टाकलो. म्हटलो, सुनेचा गूळ वाचंल."

"आई, मला सांगायचं तरी."

"सांगाले आली होती मी. तू आरशासमोर भाषण करून राहिली होतीस."

नेमके तेव्हाच हे बांधीवरून आले. अंगणात पंधरा बायका, भिजलेली आई, केसांत साल घेतलेली बायको, आणि मध्ये उघडा ड्रम. यांनी सगळीकडे एक नजर फिरवली, दोनदा हुंगलं आणि मला विचारलं, "हेही नैसर्गिकच का?"

सापडलेला सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला माल, सगळ्यांसमोर नालीत ओतायचा, हा समितीचा नियम. नियम कोणी केला होता ते सांगत नाही. ड्रम मीच आडवा केला. तीन महिने मुरवायचं फिनाईल तीन मिनिटांत वाहून गेलं. (नालीचं शेवाळ मात्र असं निघालं की खालचं सिमेंट दिसलं. पण ते त्या वेळी बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.)

संध्याकाळी मी डोमाभाऊंच्या घरी गेले. एकटीच गेले. त्यांना जे जे बोलले होते ते सगळं वाटेत आठवत होतं, आणि वाट तर पंचवीस पावलांची. दोघं अंगणात बसले होते. मी हात जोडले.

"डोमाभाऊ, मी चुकले. तुम्ही खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही. एवढंच नाही, तुम्हालाच शिकवलं."

डोमाभाऊ उठून उभे राहिले. "हात कायले जोडता जी, बसा. खरं सांगू का? मी दारू सोडलो थे मले मालूम, हिले मालूम. पण गावाच्या मनात होतंच. मी दिसलो का विचारत, डोमा, आज सुद्धीवर हायस ना? हसून विचारत, पण विचारत. आज सगळ्या गावासमोर घर उलटंपालटं झालं आन काहीच नाही निघालं. आता कोणी नाही विचारणार. तुमच्या ड्रमनं माझं चांगलंच केलं."

शेवंता आत गेली, आणि बाहेर आली ती शेवेचा डबा घेऊन. नवऱ्याच्या हातावर आधी मूठभर शेव ठेवली, मग माझ्या. "घ्या," ती त्यांना म्हणाली. तीन दिवसांत त्यांच्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. डोमाभाऊ शेव खाता खाता भिंतीकडे बघत राहिले, आणि मीही भिंतीकडेच बघितलं, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडले असते.

पुढच्या बैठकीत मी राजीनामा लिहून नेला. समितीने तो वाचलाही नाही. पद राहू द्या म्हणाल्या, पण अध्यक्षांच्या घराची तपासणी दर शनिवारी झाली पाहिजे. तपासणारं नाक भरवशाचं पाहिजे, म्हणून एकमताने डोमाभाऊंची नेमणूक झाली.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी डोमाभाऊ धुतलेला सदरा घालून येतात. अंगण पाहतात, टिनाखाली पाहतात, सासूबाईंच्या मोहफुलांच्या डब्याला हात लावून झाकण घट्ट आहे ना बघतात. मागच्या शनिवारी मी लिंबाचं लोणचं घातलं होतं, तर बरणी उघडायला लावून दोनदा वास घेतला. मग छपरीत बसून समितीच्या वहीत सावकाश, एकेक अक्षर कोरत शेरा लिहिला आणि माझ्याकडून सही घेतली.

ते गेल्यावर मी वही वाचली. लिहिलं होतं, "घर साफ हाय."

पंचवीस वर्षं मी हे घर घासते आहे. सासूबाईंनी असं एकदाही म्हटलेलं नाही, म्हणून मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, "त्याले फक्त दारूचा वास समजते."